प्लेलिस्ट पाहून मास्तर

अमेरिकेत शिकायला गेलेली मुलं घरी सगळं सांगतात. भाडं किती, बर्फ किती, रूममेट भांडी घासतो की नाही, हे सगळं व्हिडिओ कॉलवर कळतं. एक गोष्ट तेवढी कळत नाही. कॉलेजात लिहायला मदत करणारं एक दालन असतं, त्याचे पैसे आईवडिलांनी भरलेल्या फीमध्येच जिरलेले असतात, आणि आपलं पोर तिकडे फिरकत नाही.

त्या दालनाला रायटिंग सेंटर म्हणतात. प्रकार जुना आहे. आयोवा विद्यापीठात लेखनाची अशी प्रयोगशाळा 1930 च्या दशकातच सुरू झाली होती. आपला कच्चा निबंध घेऊन जायचं, पाऊण तास एक ट्यूटर आपल्याबरोबर बसणार. ट्यूटर म्हणजे केस आणि सहनशक्ती दोन्ही संपलेले प्राध्यापक नव्हेत. पुष्कळदा तेही विद्यार्थीच असतात, दोन यत्ता पुढचे, तासावर पैसे घेणारे. वेळ ऑनलाइन घ्यायची. तिथे प्रत्येकाचा फोटो आणि चार ओळींचा परिचय: मानववंशशास्त्र शिकते, डोंगर चढते, घरी दोन मांजरं आहेत, स्वल्पविरामांवर जीव आहे.

आता मांजरांवरून मास्तर कसा निवडायचा? विद्यार्थी गोंधळतो, आणि गोंधळला की येतच नाही. त्यावर तोडगा असा निघाला की ट्यूटरच्या स्वभावाला संगीताची जोड द्यावी. म्हणजे अमुक ताई जॅझ आहेत: विषयांतराला घाबरत नाहीत, फिरून समेवर येतात, निदान येतील अशी आशा असते. तमुक दादा बाख आहेत: मुद्दा एक, दोन, तीन, मग पुन्हा एक, पण उलटा. कंट्री ऐकणाऱ्या बाईंकडे घरच्यासारखं वाटेल. हेवी मेटलवाला दिसतो तसा नाही, व्याकरणाच्या बाबतीत फार हळवा आहे. एक जण बॉब डिलन आहे, आणि डिलनला 2016 साली साहित्याचं नोबेल मिळालेलं असल्यामुळे याने वाक्य अर्धवट सोडलं तरी आपण गप्प बसायचं. टेलर स्विफ्टवालीबद्दल तर शंकाच नको. हार्वर्डच्या इंग्रजी विभागानेच 2024 साली तिच्यावर अख्खा कोर्स चालवला.

हसू नका, याला शास्त्राधार आहे. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातले पीटर रेंटफ्रो आणि सॅम गॉसलिंग यांनी साडेतीन हजारांहून अधिक माणसांच्या आवडी तपासून 2003 साली संगीताचे चार ढीग पाडले: चिंतनशील आणि गुंतागुंतीचं, तीव्र आणि बंडखोर, आनंदी आणि रुळलेलं, जोशाचं आणि ठेक्याचं. कोणत्या ढिगात कोणत्या स्वभावाची माणसं जास्त सापडतात, हेही त्यांनी पाहिलं. तीन वर्षांनी त्यांनी आणखी एक गंमत केली. एकाच्या आवडीची दहा गाणी दुसऱ्या अनोळखी माणसांना ऐकवली आणि विचारलं, सांगा हा कसा आहे. अंदाज बऱ्यापैकी जमले. विशेषतः तो नव्या अनुभवांना किती मोकळा आहे, हे चांगलंच ओळखता आलं. परिच्छेद कुठे तोडावा हे त्याला कळतं का, ते मात्र कुणी मोजलं नाही. तो त्यांचा प्रश्नच नव्हता. पण शास्त्राला जो प्रश्न विचारलेलाच नाही त्याचं उत्तर त्याच्याच नावावर खपवणं, याला आजकाल नवोपक्रम म्हणतात.

अमेरिकेत हे पहिल्यांदा घडत नाही. 1993 साली 36 कॉलेज विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला होता. त्यानंतर थोडा वेळ, घडी घातलेला कागद मनातल्या मनात उलगडण्यासारखी कोडी त्यांना जरा बरी सुटली. एवढंच. पाच वर्षांनी जॉर्जियाचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीत देण्यासाठी एक लाख पाच हजार डॉलर मागितले. दरम्यान त्या विद्यार्थ्यांवरचा परिणाम केव्हाच ओसरला होता. तो पंधरा मिनिटंसुद्धा टिकला नव्हता.

प्रयोगाला विद्यार्थी नेमके 36 का, ते मराठी वाचकाला सांगायला नको. वर्ण 1, वश्य 2, तारा 3, योनी 4, ग्रहमैत्री 5, गण 6, भकूट 7, नाडी 8. बेरीज 36, निम्मे जुळले की मांडव घाला. स्वभाव जुळवून जोडी लावायचं तंत्र आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की ट्यूटर निवडीचं कंत्राट परदेशी मानसशास्त्रज्ञांना जावं, हे पटत नाही. आपल्याकडेही पत्रिका जुळल्यावर मुलगा कामाला जातो का, हे विचारायचं राहूनच जातं. (शिकणाऱ्याच्या शैलीशी शिकवण्याची शैली जुळवली की तो जास्त शिकतो, या लाडक्या समजुतीला पुरेसा पुरावा नाही, असं चार मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये सगळं संशोधन चाळून लिहून ठेवलं आहे. पत्रिका बघणाऱ्यांना असल्या गोष्टींनी कधी फरक पडला आहे का?)

जुळवायचंच असेल तर मग आमचा माल घ्या. जॅझ आणि मेटल कसले घेऊन बसलात, आमच्याकडे स्वभावानुसारच नव्हे तर घड्याळानुसार संगीत आहे.

पहिला मारवा ट्यूटर. मारव्यात पंचम वर्ज्य, आणि षड्जावर येऊन टेकायलाही गवई टाळाटाळ करतो. हा ट्यूटर तसाच. तुम्ही विचारता, ‘हे वाक्य बरोबर आहे का?’ तो म्हणतो, ‘तुला काय वाटतं?’ तुम्ही म्हणता, ‘चूक वाटतं.’ तो म्हणतो, ‘चूक का वाटतं?’ पाऊण तास झाला, सूर्य बुडाला, तरी सा लागत नाही. बाहेर पडल्यावर जिवाला एक हुरहुर लागते. तिलाच तिकडे क्रिटिकल थिंकिंग म्हणतात.

दुसरा विलंबित एकताल. पस्तीस मिनिटं पहिल्या वाक्यावर. एकेका शब्दाची बढत, कर्त्याची जागा, क्रियापदाची जागा, मध्येच पाणी पिणं. मग घड्याळाकडे लक्ष जातं आणि उरलेली नऊ पानं दहा मिनिटांच्या द्रुतात. भैरवीवाल्याचं उलटं. तुम्ही खुर्चीत बसलात की तो निष्कर्षाचा परिच्छेद उघडतो, आणि तुम्ही बॅगेतून वही काढेपर्यंत आवराआवर सुरू होते. पोवाडावाला दर ओळीला शाबासकी देतो. त्याच्याकडून बाहेर पडताना छाती फुगलेली असते आणि निबंध होता तसाच असतो.

तराणा खास पीएचडीवाल्यांसाठी राखून ठेवावा. तिथे बोलांना अर्थ असावा असा कुणाचाच आग्रह नसतो, लय मात्र घट्ट हवी. सिद्धान्तावर लिहिणाऱ्यांचं आणि या ट्यूटरचं पहिल्या भेटीतच जमतं.

आणि लावणी. नाकं मुरडू नका. लावणी करणारीला समोर कोण बसलंय, पुढच्या रांगेत कोण आणि मागे कोण, हे नेमकं ठाऊक असतं. नजर कुणाकडे टाकायची आणि कुणाला नुसतं ताटकळत ठेवायचं, हे तिला शिकवावं लागत नाही. आपला निबंध कोण वाचणार आहे हा प्रश्न ज्या विद्यार्थ्याला आयुष्यात पडलेला नाही (आणि दहावीला गाईडातला निबंध पाठ करून लिहिलेल्याला तो कशाला पडेल?) त्याला याच बाईंकडे पाठवावं. सगळ्या यादीत कामाची तेवढी हीच.

पण आमचा माल कोण घेतो? आणि इथेच या सुंदर योजनेची खरी मेख आहे.

अमेरिकेत 2023-24 साली भारतातले 3,31,602 विद्यार्थी होते. त्यांतला एक आमच्या परिचयातला, लातूरचा, कॉम्प्युटरमध्ये एमएस करायला गेलेला. तसा तो बोलका आहे. आनंद शिंदे त्याला तोंडपाठ, अजय-अतुल लागलं की पाय थांबत नाहीत, आणि वडील दर एकादशीला भजनाला जात असल्यामुळे टाळाचा ठेका बोटांत. तो रायटिंग सेंटरच्या पानावर गेला, तर तिथे ट्यूटरांच्या नावांपुढे ‘इंडी फोक’, ‘शूगेझ’ आणि ‘मिडवेस्ट इमो’ असं लिहिलेलं. मिडवेस्ट इमो हा हवामान खात्याचा इशारा असावा असं त्याला वाटलं. थंडीचे दिवस होते, तेव्हा त्याचीही चूक नाही. पुढे एक चौकट होती: तुम्हाला कोणतं संगीत आवडतं? ‘आनंद शिंदे’ लिहून कुणाला समजवत बसायचं, म्हणून त्याने लिहिलं, ‘रॉक’.

झालं. त्याच्या वाट्याला रॉकवाला ट्यूटर आला. पोरगा सज्जन, हसतमुख. त्याने मैत्रीखातर विचारलं, ‘कोणता बँड?’ आमच्या लातूरकराने शर्टावर नाव पाहिलेला एक बँड सांगितला. ‘अरे वा, कोणता अल्बम?’ शर्टावर अल्बमचं नाव नव्हतं. विद्यार्थ्याला परकं वाटू नये म्हणून काढलेल्या युक्तीने पहिल्या पाच मिनिटांत त्याची तोंडी परीक्षा घेतली आणि त्याला नापास केलं.

ज्यांना इंडी फोक कळतं, त्यांना ट्यूटर निवडायला मदत मुळात लागतच नव्हती. ती मुलं कुणाकडेही बिनधास्त गेली असती. ज्याला दार उघडायचीच धास्ती वाटते, त्याच्यासाठी दारावर आणखी एक पाटी लावून ठेवली, तीही त्याला न वाचता येणाऱ्या लिपीत. वर म्हणायचं, आम्ही विद्यार्थिस्नेही झालो.

गंमत पुढेच आहे. बँड संपल्यावर दोघं एकदाचे पेपरकडे वळले. पहिलं वाक्य होतं, अनादी काळापासून तंत्रज्ञान मानवी जीवनात महत्त्वाची भूमिका बजावत आलं आहे. आपल्याकडे हे वाक्य सरस्वतीवंदनासारखं असतं, ते म्हटल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. ट्यूटर म्हणाला, ‘अनादी म्हणजे केव्हापासून? तुझा पेपर तर एका डेटाबेसवर आहे.’ मुलगा गप्प. मग म्हणाला, ‘हे सगळेच लिहितात.’ ट्यूटर म्हणाला, ‘मग तू काय म्हणतोयस?’ तेव्हा त्याने दोन मिनिटं तोंडी सांगितलं की हा डेटाबेस गर्दीच्या वेळी हळू का चालतो आणि ते कसं टाळता येईल. ट्यूटर म्हणाला, ‘हेच लिही की पहिल्या ओळीत.’

एवढंच झालं. या सगळ्यात रॉक कुठे होता?

ज्यांनी हे काम उभं केलं त्यांना हे चांगलं माहीत होतं. स्टीफन नॉर्थ यांनी 1984 साली लिहिलेला लेख या क्षेत्रात अजून वाचला जातो. त्यांचं म्हणणं सरळ होतं: सेंटरचं काम निबंध दुरुस्त करणं नाही, लिहिणारा घडवणं आहे. 1991 मध्ये जेफ ब्रुक्स यांनी तर बसण्याची जागासुद्धा ठरवून दिली. ट्यूटरने टेबलापलीकडे नाही, विद्यार्थ्याच्या शेजारी बसायचं. कागद विद्यार्थ्याच्या जवळ, ट्यूटरपासून लांब. ट्यूटरच्या हातात पेन्सिल नको, नाहीतर हात आपोआप दुरुस्त्या करायला लागतो. विद्यार्थ्याने आपला निबंध मोठ्याने वाचायचा. यातलं सगळंच सगळ्यांना लागू पडत नाही, यावर नंतर भरपूर वाद झाले. परदेशातून आलेल्या मुलाला कधीकधी सरळ उत्तर द्यावंच लागतं, ‘तुला काय वाटतं’ विचारून भागत नाही. पण खुर्ची कुठे, पेन्सिल कुणाकडे, इतक्या बारकाईने विचार करणाऱ्या त्या माणसाला ट्यूटरच्या कानात काय वाजतं हे विचारावंसं वाटलं नाही.

आपल्याकडे संगीताचा आणि शिकवण्याचा खरा मेळ घातला तो भातखंड्यांनी. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मूळ मराठीत आहे आणि ती गुरू-शिष्याच्या संवादाच्या रूपात लिहिलेली आहे. शिष्य विचारतो, गुरू उलगडून सांगतो, शिष्याला पुन्हा शंका येते. सगळे राग दहा थाटांत बसवणाऱ्या माणसाला शिष्यांचेही दहा थाट पाडणं काही अवघड नव्हतं. त्यांनी ते केलं नाही. शिष्याला विचारू दिलं.

मग ही संगीताची टूम निघते कशासाठी? कारण ती स्वस्त आहे. ट्यूटर वाढवायला पगार लागतो, आणि परीक्षेच्या आठवड्यात ट्यूटर कमी पडतात हे प्रत्येक सेंटरला ठाऊक असतं. प्लेलिस्ट करायला पगार लागत नाही. शिवाय ट्यूटरांनाही ती आवडते. आवडत्या गाण्यांची यादी जाहीर करताना माणूस काय ऐकतो ते लिहीत नाही, काय ऐकणारा दिसावा ते लिहितो. ज्या देशात स्वतःची जाहिरात लिहायला सातवीपासून शिकवतात, तिथे हे काम झटपट उरकतं.

तेव्हा तिकडे असलेल्या लेकरांनो, पानावर जाल तेव्हा गाणी वगळून वेळापत्रक बघा. जी चौकट रिकामी असेल ती तुमची. शिक्षकाने दिलेला असाइनमेंटचा कागद बरोबर न्या, कारण ट्यूटर पहिल्यांदा तोच मागतो, आणि पेन्सिलही न्या. फॉर्मवर संगीताची चौकट असलीच तर खरं काय ते लिहा. आनंद शिंदे लिहा. शोधू दे त्यांना. आणि पेपर शुक्रवारी द्यायचा असेल तर मंगळवारची वेळ घ्या, कारण गुरुवारच्या सगळ्या जागा भरलेल्या असतात, मेटलवाल्याकडच्यासुद्धा.