खोलीभाड्याने भरणारी जखम

ग्लासगोचे शल्यविशारद जेम्स निकोल यांनी १९०९ साली मुलांच्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. मुले त्याच दिवशी आईच्या कुशीत परतलेली. आपला आरोग्यविमा मात्र अजूनही सर्वसाधारणपणे चोवीस तासांची खाट मागतो आणि मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रियांना अपवादाच्या यादीत बसवतो. जणू जखम टाक्यांनी नव्हे, खोलीभाड्याने भरते! त्याच दिवशी घरी पाठवले आणि रात्री काही झाले तर? शंका रास्तच, म्हणून तर रुग्ण पारखून निवडायचा, घरी जाणते माणूस हवे, डॉक्टरांचा फोन लागायला हवा. एकटा राहणारा किंवा दूरच्या वाडीवरचा रुग्ण खुशाल ठेवून घ्या. बाकीच्यांची निदान रुग्णालयातल्या जंतूंशी ओळख वाढणार नाही. खरी पंचाईत पाहुण्यांची: शहाळी घेऊन ते वॉर्डात पोचेपर्यंत पेशंट घरी वरणभात जेवत असतो.