चारांपैकी एक

दोन ललितसंग्रह नावावर असलेल्या माणसाने तलाठी भरतीचे विरुद्धार्थी शब्द सोडवायला बसू नये. 'कृश'च्या विरुद्ध काय? पर्याय : रोड, सडपातळ, किडकिडीत, स्थूल. 'रोड' हा गोड शब्द हल्ली फक्त खड्ड्यांपुरता कसा उरला, यावर मी भाचीला चार शब्द ऐकवत होतो. तेवढ्यात तिने पुढचे तीन प्रश्न उरकले.

"मामा, प्रश्न वाचायचाच नाही. पर्याय बघायचे. तीन भाऊबंद एकीकडे दिसले, की उरलेला तो उत्तर."

भाषेची एवढी सेवा केली, पण ही युक्ती मला कोणी सांगितली नव्हती. मी अर्थातच ती नापसंत केली.

भाची सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते आणि दिवस अभ्यासिकेत काढते. मो. रा. वाळंब्यांच्या व्याकरणाचे कोपरे तिने झिजवलेत. अग्रज-अनुज, खंडन-मंडन, स्थावर-जंगम ती पाढ्यासारखं म्हणते. १२० मिनिटांत १०० प्रश्न, त्यात मराठीचे २५. तिथे रसग्रहणाला गुण नाहीत.

तरी एका जोडीवर मी अडून बसलो : जिरायत-बागायत. यादी म्हणते, विरुद्धार्थी. आमच्या माण तालुक्यात या दोहोंत फक्त एक बोअर असतो, आणि तोही फेब्रुवारीपर्यंत. पाणी आहे तोवर मेव्हणे बागायतदार, लग्नपत्रिकेतही तसंच छापतात. मार्चमध्ये तेच रान, तोच माणूस, तेच डाळिंब. फक्त पाण्याची मोटर नुसती हवा ओढते आणि मेव्हणे टँकरवाल्याला 'साहेब' म्हणू लागतात. मग ही जोडी विरुद्धार्थी कशी? हे तर एकाच शेताचे दोन हंगाम! शिवाय बोअर मारायला काढलेलं कर्ज बारमाही बागायती असतं, ते कुठल्या रकान्यात घालायचं? मी रंगात आलो होतो. लेखाचा ऐवज होता.

"मामा," भाची शांतपणे म्हणाली, "ते मी तलाठी झाल्यावर बघते."

यावर मला काही सुचलं नाही. २०२३च्या भरतीत जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांवर. इतक्यांना एका वेळी बसवणार कुठे? म्हणून परीक्षा कित्येक सत्रांत झाली, अवघड-सोप्या पेपरांचा मेळ घालायला नॉर्मलायझेशन आलं, आणि गुणवत्ता यादीत २०० पैकी २१४ गुण झळकले. 'पैकी' या शब्दाचा अर्थ आपल्याला कळतो, असा माझा तोवर समज होता.

बहिणीचा रात्री फोन येतो. "कधी आहे गं पुढची?" ती विचारते. दोन सेकंदांत 'स्थूल'वर खूण करणारी ही पोरगी इथे थांबते. "जाहिरात येईल," म्हणते आणि जेवलीस का, म्हणून आईलाच विचारते. कारण या प्रश्नाला पर्यायच दिलेले नाहीत.

तेव्हा भरती काढणाऱ्यांना एकच विनंती. विरुद्धार्थी शब्द हवे तेवढे विचारा, पोरं सोडवतील. फक्त जाहिरात कधी, परीक्षा कधी, नेमणूक कधी, या तीन प्रश्नांची उत्तरं तुम्हीही वेळेत लिहा.