बाइट द्या ना, काका!

डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीत हल्ली एक सीए होणारा, एक जर्मनीला गेलेला आणि एक मास मीडिया करणारा असतोच. पहिल्या दोघांविषयी त्यांचे आईवडील बोलतात. तिसऱ्याविषयी शेजारी बोलतात.

आमच्या इमारतीतला हा तिसरा लांबूनही ओळखू येतो. जीन्सवर खादीचा कुर्ता, खांद्याला शबनम, शबनममध्ये कॉलरला लावायचा माइक आणि चार्जिंग संपलेला मोबाइल. अशी मुलं ठाण्याला जोशी-बेडेकर कॉलेजला असतात, कल्याणला बिर्ला कॉलेजला असतात. पण कोर्सचं नाव कुणाच्याच घरी धड सांगता येत नाही. 'बीएमएम' हे लोकांच्या तोंडी जरा बसतंय तोवर २०१९ साली विद्यापीठाने त्याचं 'बीएएमएमसी' करून टाकलं. याच्या आईने त्यावर तोडगा काढलाय. हळदीकुंकवाला कुणी विचारलं की वहिनी सांगतात, "बी.ए.च करतोय हो, पण त्याला कॅमेरा लागतो."

कॉलेजला जायला लागल्यापासून याची भाषा बदलली. बी विंगचा वॉचमन हा आता 'सूत्र' आहे. सूत्रांच्या माहितीनुसार पहिल्या मजल्यावरचे भाडेकरू महिनाअखेर जाणार असतात. घरात पिठलं झालं तरी "यात अँगल काय?" असं विचारतो. वहिनींची गोष्ट सांगायची पद्धत पूर्वापार, म्हणजे सुरुवात साखरपुड्यातल्या साडीपासून. हा मध्येच तोडतो, "आई, उलटा पिरॅमिड! महत्त्वाचं आधी, तपशील नंतर." एका रात्री वहिनींनी ऐकलं त्याचं. म्हणाल्या, "सुमामावशीच्या पुतणीचं लग्न मोडलं. झोप आता." आणि दिवा घालवला. त्यानंतर अर्धा तास हा अंधारात कोण, कधी, कुठे, का, कसं विचारत होता.

याच्या आयुष्यातली मोठी खंत अशी, की बातम्या याच्या आधीच होऊन गेल्या. २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला तेव्हा हा प्राथमिक शाळेत. २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला, मुख्यमंत्री बघायला आले, तेव्हा याची सहामाही की चाचणी काहीतरी होती. "काका, गुलाबी रस्ता! आणि मी घरी भूमितीची प्रमेयं!" हे तो अजून इतक्या कळवळून सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं प्रदूषण परत व्हावं, पण पोराचं समाधान होवो.

म्हणून मग दिसेल त्याची बातमी. लोकलच्या गर्दीवर पीटीसी करायची ठरली, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं. मित्राच्या हातात मोबाइल, हा डोंबिवलीच्या फलाटावर, वेळ सकाळची. "मी आत्ता उभा आहे..." एवढंच वाक्य झालं आणि फास्ट लोकल आली. डोंबिवलीत आपण गाडीत चढत नाही, चढवले जातो. हा पाठमोरा आत गेला. मित्र मोबाइलसकट बाहेर राहिला. ठाण्याला दार दिसलं तेव्हा उतरला, एक चप्पल कमी. वर्गात मॅडमनी म्हणे त्या सव्वा सेकंदाच्या फितीला उत्तम गुण दिले.

दिवाळीच्या पहाटे सगळी डोंबिवली नटूनथटून फडके रोडवर जमते. तिथे हा माइक घेऊन "शहरासमोरचं सर्वांत मोठं आव्हान कोणतं?" असं विचारत फिरला. बहुतेकांनी "पार्किंग" सांगितलं. एका मुलीने "तू मध्ये उभा आहेस, फोटोत येतोयस" असं सांगितलं. मला वाटतं दोन्ही उत्तरं प्रामाणिक होती.

याच्या आजोबांना हे शिक्षण पसंत नाही, पण वाद घालायला हक्काचा गडी मिळाला म्हणून ते खूश आहेत. लाल पेन घेऊन ते रोज पेपरातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतात आणि मग नातवाकडे वळतात. "पुढे पोटाचं काय?" यावर त्याचं उत्तर तयार असतं. "आजोबा, ६ जानेवारी १८३२. बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं तेव्हा ते विशीच्याच आसपास होते." आजोबा पेनाला टोपण लावतात. "जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापकही होते, बाळा. इंग्रजी, संस्कृत, गणित सगळं यायचं. तू आधी 'आशीर्वाद' लिहून दाखव." पोराने 'आशिर्वाद' लिहिला. त्या दिवशी घरात पत्रकारितेचा विषय परत निघाला नाही.

आता एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवी. बारवी धरण भरून वाहतं आणि आमच्या टाकीत मात्र पाणी नाही, हे आम्ही वर्षानुवर्षं पत्रिकेतल्या मंगळासारखं धरून चाललो होतो. सेक्रेटरी टँकर मागवायचे, आम्ही वर्गणी द्यायचो, आणि शिव्या कुणाला द्यायच्या ते ज्याने त्याने आपलं ठरवलेलं होतं. याने काय केलं, तर रात्री दोनला पाणी सोडायला येणाऱ्या चावीवाल्याला गाठून चहा पाजला आणि विचारलं. बस, विचारलं. चावीवाला म्हणाला, "तुमच्या लाइनला दाब येतो तेव्हा तुमचा पंप बंद असतो. मी काय करू?" पंपाची वेळ बदलली. टँकर निम्म्यावर आले. हे कॉलेजच्या अंकात छापून आलं, त्याच्या नावासकट, आणि सेक्रेटरींनी त्याची झेरॉक्स नोटीस बोर्डावर लावली. स्वतःचं नाव आलेल्या ओळीखाली हिरवी रेघ मारून. हेच सेक्रेटरी त्याला आधी "ऑफ द रेकॉर्ड सांगतो" म्हणून पाऊण तास बोलले होते आणि सगळं ऑन द रेकॉर्ड यावं अशी त्यांची मनोमन इच्छा होती.

तेव्हापासून इमारतीचं चित्र पालटलंय. "काय पीडा आहे" म्हणणारे लोक जिन्यात त्याची चाहूल लागली की केसांवरून हात फिरवतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू कचऱ्याच्या प्रश्नावर बाइट द्यायला पैठणी नेसून आल्या.

गेल्या आठवड्यात त्याला कॉलेजने विषय दिला, 'शहरी ज्येष्ठांचा एकटेपणा'. बागेतल्या बाकावर माइक लावून बसला. दहा मिनिटांत पाच-सहा आजोबा जमले.

"मुलगा कॅनडात. लिही."

"अहो, तुमची सून तरी इथे आहे. मी तर अगदी एकटा."

"एकटे कसले? रोज पत्ते खेळता की माझ्याशी!"

"ते तुम्ही हरता म्हणून. एरवी मी एकटाच."

याच्या आजोबांनीही नंबर लावला होता. हा म्हणाला, "आजोबा, तुम्ही कसे एकटे? मी आहे ना घरी."

"तू असतोस कधी घरी? हा माझा मुद्दा आहे. माइक नीट धर."

अंधार पडेपर्यंत कुणी त्याला सोडलं नाही. डेडलाइन हुकली.