रंगाचा रकाना

महसूल खात्यात ज्याची हयात गेली, त्याचे लक्ष सेवानिवृत्तीनंतर देवाधर्माकडे लागावे अशी त्याच्या कुटुंबाची कितीही इच्छा असली, तरी डोळ्यांसमोर येणाऱ्या प्रत्येक स्थावर-जंगमाचा कब्जेदार कोण, वहिवाट कोणाची आणि हद्द कोठे, हे तीन प्रश्न त्याला पडल्यावाचून राहत नाहीत. म्हणूनच लेकीच्या आग्रहावरून आम्ही उभयता अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात मुक्कामास गेलो, तेव्हा आमच्या वयाची मंडळी तेथे जाऊन जे जे करतात, म्हणजे नायगारा पाहणे, थंडीविषयी कुरकुरणे आणि डॉलरचे रुपये करून कोथिंबिरीच्या जुडीचा धसका घेणे, ते सर्व यथासांग उरकल्यावर मी माझ्या नऊ वर्षांच्या नातीच्या हाताखाली कारकून म्हणून रुजू झालो. तिचे खाते घरामागच्या रानात होते आणि खात्याचा विषय होता सॅलमँडर.

हा प्राणी आमच्या सह्याद्रीत नाही. बेडूक, आणि मातीखाली राहून गांडुळाचे सोंग वठविणारे देवगांडूळ, एवढ्यावर आमच्याकडील उभयचरांचा कारभार आटोपतो. शेपटीवाला उभयचर पाहावयाचा तर हिंदुस्थानात दार्जिलिंग-सिक्कीमकडील तळ्यांच्या काठी जावे लागते. त्यामुळे नातीने एका ओल्या ओंडक्याखालून बोटभर लांबीचा, चकचकीत, वळवळणारा जीव काढून दाखविला तेव्हा आमच्या कुटुंबाने त्याची जात एका क्षणात मुक्रर करून टाकली : पाल. पालीला खवले असतात, नख्या असतात, कानाची भोके असतात, आणि ह्याला तिन्हींपैकी काहीच नाही, हा बेडकाच्या भाऊबंदांपैकी आहे, असे नातीने बजावले. त्यावर पंचांगातील पल्लीपतनाचे कोष्टक अमेरिकेत लागू आहे किंवा कसे, आणि बेडकाचा भाऊबंद उजव्या हातावर चढल्यास फल काय धरावे, असा प्रतिप्रश्न आला. ह्या प्रश्नाचा निकाल अद्याप लागलेला नाही.

तेथील रानात सर्वांत विपुल आढळणारा जो लालपाठ्या सॅलमँडर, त्याला फुप्फुसे नाहीत. त्याचा सारा श्वासोच्छ्वास त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून चालतो, आणि त्वचा ओली असेल तोवरच तो चालतो. म्हणून हा गृहस्थ उन्हाचे तोंड पाहत नाही, ओंडक्याखाली किंवा पालापाचोळ्याखाली दिवस काढतो, आणि पावसाळी रात्री पोटापाण्यासाठी बाहेर पडतो. ज्याच्या कातडीवर प्राण अवलंबून आहे त्याला कोरड्या किंवा तेलकट हाताने धरणे हा गुन्हा, असे आमच्या खात्याचे पहिले परिपत्रक होते. गेली चाळीसएक वर्षे मी अंघोळीपूर्वी हातापायांना खोबरेल चोळीत आलो असल्यामुळे माझे हात तपासणीत नापास झाले, आणि माझी बदली प्रत्यक्ष पाहणीवरून दप्तराकडे करण्यात आली. ओंडका उचलावयाचा नातीने, प्राणी पाहावयाचा नातीने, ओंडका होता तसाच परत ठेवावयाचाही नातीने, आणि नोंद करावयाची मी. कार्यक्षेत्रावरचा अधिकारी धाकटा आणि दप्तरातला कारकून थोरला, ही व्यवस्था मला नवीन नव्हती.

वहीचे रकाने मीच आखून दिले : तारीख, ठिकाण, लांबी, शेपूट शाबूत की तुटलेली, आणि रंग. पहिल्या चारांविषयी तक्रार उद्भवली नाही. शेपटीचा रकाना कोणाला चमत्कारिक वाटेल. परंतु शत्रूने धरताच शेपटीवरील मालकी हक्क तत्काळ सोडून देऊन उर्वरित मिळकत वाचविणे, आणि पुढे यथावकाश नवी शेपूट उगवून घेणे, हा ह्या जातीचा रिवाज असल्याने ती नोंद आवश्यक होती. घोटाळा झाला तो रंगाच्या रकान्यात. लालपाठ्या म्हणावयाचा तर त्याच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत विटकरी पट्टा असला पाहिजे, आणि पुष्कळांच्या पाठीवर तो असतोही. परंतु त्याच ओंडक्याखाली, कित्येकदा त्याच आईच्या त्याच खेपेच्या अंड्यांतून निघालेला सख्खा भाऊ बिनपट्ट्याचा, डोक्यापासून शेपटापर्यंत शिशाच्या रंगाचा निघतो. क्वचित एखादा निराळाच : पट्टा नाही, काळसर बगला नाहीत, सर्वांग नारिंगी-लाल. आणि हजारांत कोठे एखादा इतका फिकट की, त्याच्या रंगाला रंग म्हणावे की रंगाची थकबाकी म्हणावी, असा प्रश्न पडावा.

लग्नाच्या टिपणात 'रंग' ह्या शब्दापुढे जे चार पर्याय आमच्या समाजाने मान्य केले आहेत, म्हणजे गोरा, निमगोरा, गहूवर्णी, आणि जिथे इलाजच नाही तिथे 'सावळी पण तरतरीत', ते मी प्रथम सुचवून पाहिले. नातीने ते मराठीत ऐकून घेतले आणि इंग्रजीत फेटाळले.

शिशाच्या रंगाचे भाऊ उबदार मुलखात अधिक आणि पट्टेवाले थंड मुलखात अधिक, असे विद्वानांनी पुष्कळ वर्षे धरले होते. पुढे अधिक ठिकाणच्या नोंदी एकत्र केल्यावर हा नियम सर्वत्र लागू पडत नाही असे दिसून आले. एका तालुक्याचा दाखला संबंध जिल्ह्याला लावला की काय होते हे मी नोकरीत पाहिलेले असल्यामुळे त्या विद्वानांविषयी मला मनापासून सहानुभूती वाटली.

परंतु माझे सेवानिवृत्त अंतःकरण खरोखर हेलावले ते ह्या प्राण्यांच्या हद्दीच्या पद्धतीने. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट जेगर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी अनेक वर्षांच्या संशोधनाने असे दाखवून दिले आहे की, लालपाठ्या सॅलमँडर आपापल्या ओंडक्याचे क्षेत्र राखून असतात, आगंतुकाला चावून हाकलतात, आणि हद्दीची खूण म्हणून आपल्या विष्ठेच्या गोळ्या ठेवतात. मोजणीदार नाही, साखळी नाही, दगड रोवणे नाही, आणि रात्रीतून दगड सरकविला म्हणून दिवाणी कोर्टात तीन पिढ्या झिजविणे तर नाहीच नाही. कारण ही खूण शेजाऱ्याने सरकविली तरी तिच्या वासावरून मूळ मालक कोण ते उघड होते. एवढ्यावरच हे प्रकरण थांबत नाही. वधूपक्ष स्थळ पाहावयास येतो तो ह्या गोळ्यांकडे. मादी नराची गोळी नाकाने दाबून, फोडून पाहते. आत वाळवीचे अवशेष निघाले तर घर खातेपिते. नुसत्या मुंग्यांची टणक कवचे निघाली तर बेताचे. वाळवी मऊ आणि पचावयास सोपी, मुंगी कवचाची आणि कमी सकस, असा हा हिशेब आहे, आणि प्रयोगांत माद्यांची पसंती वाळवी खाणाऱ्या नराकडे झुकलेली दिसली आहे. पगाराचा दाखला, सातबाऱ्याचा उतारा आणि गावातील चौकशी ह्या तिन्हींचे काम एकाच कागदपत्रात भागविणारी आणि जिच्यात लबाडीला तिळमात्र जागा नाही अशी ही पद्धत मी कुटुंबास विस्ताराने समजावून देत असता भोजनाची वेळ होती, हे मला नंतर सांगण्यात आले.

रंगाचा विचार तेथे कोणीच करीत नाही असे मात्र समजू नये. ओहायोमधील अभ्यासकांना पट्टेवाल्यांची जोडी पट्टेवालीशी आणि शिसेरंग्याची शिसेरंगीशी अधिक जमते, आणि पट्टेवाल्यांचे खाणेही अधिक कसदार असते, असे आढळून आले आहे. सख्ख्या भावंडांत ही पंगत-भेदाची कल्पना कोठून शिरली ते कळत नाही. एकंदरीत रंगाचा रकाना त्यांच्याही टिपणात असावा.

सर्वांग लाल असलेल्या तिसऱ्या प्रकाराची कथा ह्याहून सुरस आहे. त्या रानात दुसऱ्या एका जातीचे, म्हणजे पूर्वेकडील ठिपकेवाल्या न्यूटचे, अल्पवयीन सदस्य पाण्याबाहेर राहतात. त्यांचा रंग पिकल्या शेंदरी भोपळ्याचा, आणि पाऊस पडून गेला की ते भर दिवसा, कोणाची भीड न बाळगता, पायवाटेवरून संथपणे चालतात. हा आत्मविश्वास अकारण नाही : त्यांच्या त्वचेत फुगू माशात असते तेच जालीम विष असते, आणि तांबडा रंग ही त्याची जाहीर नोटीस होय. दोन-तीन किंवा त्याहूनही अधिक वर्षे असा रानटी थाट केल्यावर हे तरुण हिरवट रंग धारण करून पाण्यात परततात आणि संसाराला लागतात. आमचा सर्वांग लाल सॅलमँडर ह्या नोटिशीची नक्कल करून पक्ष्यांना चकवितो, असा तर्क आहे, आणि पक्ष्यांवरील प्रयोगांत त्याला आधारही मिळाला आहे. मात्र स्वतःजवळ तितके विष नसता ही नोटीस लावणे, म्हणजे कुत्रा न पाळता 'कुत्र्यापासून सावध' ही पाटी लावण्यातलाच प्रकार झाला. पंचतंत्रातील नीळ लागलेला कोल्हा राजा झाला तो कोल्हेकुईने उघडा पडला. ह्या लाल सोंगाड्याला कंठच फुटलेला नसल्यामुळे त्याचे राज्य सुखरूप आहे.

ह्या लाल इसमाची नोंद आपल्या वहीत व्हावी ही नातीची महत्त्वाकांक्षा, आणि पश्चिम मॅसॅच्युसेट्स हा त्याच्या ठाऊक ठिकाणांपैकी एक असल्यामुळे ती अवाजवी नव्हती. तो मिळेपर्यंत इतर खात्यांतील विलक्षण मंडळींना आम्ही परिशिष्टात जागा दिली. शेजारच्या डबक्यात एक बेडूक आढळला. त्या जातीचे नाव हिरवा बेडूक, आणि हा आकाशासारखा निळा. बहुतेक बेडकांच्या कातडीत हिरवा रंग असा नसतोच. खालच्या थरातील सूक्ष्म स्फटिक निळा प्रकाश परतवितात, वरच्या थरातील पिवळे द्रव्य त्यावर आपली छटा चढविते, आणि दोघांच्या संयुक्त सहीने हिरवा मंजूर होतो. ह्या बेडकाच्या प्रकरणी पिवळ्याची सही राहून गेली होती. तेथील काळ्या खारींनाही मी परिशिष्टात घेतले. त्या करड्या खारीच फक्त अधिक काळे द्रव्य लाभलेल्या, हे समजल्यावर कुटुंबाने त्यांना 'आपल्याकडच्या' म्हणून दाणे घालावयास सुरुवात केली. दूर इलिनॉय संस्थानात ओल्नी म्हणून गाव आहे. तेथे पांढऱ्या खारींची वस्ती असून रस्त्यावर प्रथम जाण्याचा हक्क कायद्याने खारीला दिलेला आहे, आणि पोलिसांच्या बिल्ल्यावर तिचे चित्र आहे. रंगाने गोरे असल्याचा इतका रोकड फायदा मी अन्यत्र, अगदी स्थळांच्या जाहिरातींतही, पाहिलेला नाही.

विलक्षणाच्या ह्या शोधात साध्या शिसेरंग्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, ह्याचे मला मात्र वाईट वाटू लागले. न्यू हॅम्पशायरमधील हबर्ड ब्रूकच्या अरण्यात मोजणी झाली आणि १९७५ साली प्रसिद्ध झाली; तीत असे निघाले की त्या रानातील सर्व सॅलमँडर एका पारड्यात घातले तर ऐन विणीच्या हंगामातील सर्व पक्ष्यांच्या वजनाच्या सुमारे दुप्पट भरतील. गाणारे पक्षी सर्वांना ठाऊक; आणि वजनाने ज्यांची बहुसंख्या, ते ओंडक्याखाली. आमच्या मुक्कामापासून जवळच्या अ‍ॅमहर्स्ट गावाने तेवढी जाणीव ठेवली आहे. वसंतातील पहिल्या उबदार पावसाच्या रात्री पिवळ्या ठिपक्यांचे थोराड सॅलमँडर अंडी घालण्यासाठी डबक्यांकडे निघतात, आणि मोटारींखाली त्यांचा चेंदामेंदा होऊ नये म्हणून हेन्री स्ट्रीटखाली त्यांच्यासाठी १९८७ साली बोगदे बांधण्यात आले. आमच्या मूळ गावचा पूल मंजूर होऊन आम्ही म्हातारे झालो, ही हकीकत मी त्या रस्त्यावर उभा राहून लेकीला सांगितली. तिने छत्री माझ्या डोक्यावर अधिक सरकविली.

आता प्रश्न उभा राहिला तो जावईबापूंचा. मागील अंगणाच्या कडेला कुजलेले ओंडके पडून असणे हे शेजाऱ्यांच्या नजरेस बरे दिसत नाही, तेथे कुंपण घालावे आणि ओंडके एका शनिवारी उचलवून टाकावेत, असा त्यांनी जुलैच्या आरंभी ठराव मांडला. नातीने डोळ्यांत पाणी आणले. परंतु अश्रू हा पुरावा होत नाही हे जाणून मी रीतसर तहकुबीचा अर्ज लिहिला. अर्जदार : ओंडका क्रमांक तीनखालील कब्जेदार, पट्टेवाले व बिनपट्टेवाले, तर्फे मुखत्यार. हरकतीचे मुद्दे : कब्जा जुना, उघड आणि विष्ठेने शाबीत, सदर ओंडक्याच्या पोकळीत द्राक्षाच्या लहान घोसासारखी अंडी टांगलेली असून त्यांभोवती माता वेटोळे घालून पहाऱ्यावर आहे, ह्या जातीत पाण्यातील बालपण नसल्याने पिल्ले अंड्यातून थेट चार पायांची व तयार अवस्थेत बाहेर पडतात, त्यास सुमारे दोन महिने लागतात, सबब तोपर्यंत निष्कासन करू नये. मुद्दा क्रमांक सहा म्हणून, जन्मणाऱ्या पिल्लांत सर्वांग लाल एखादे असल्यास त्याची प्रथम नोंद घेण्याचा हक्क नातीकडे राखीव ठेवावा, अशी विनंती मी खास जोडली होती.

जावईबापू संगणकाच्या धंद्यातले. त्यांनी अर्ज उभ्याउभ्याच वाचला, 'मुखत्यार' म्हणजे काय ते सासूबाईंना विचारून घेतले, आणि कुंपणाचे काम ऑक्टोबरपर्यंत तहकूब केल्याचा शेरा मारला. त्याखाली मात्र त्यांनी एक अट घातली : तोवर सासरेबुवांनी जेवणाच्या टेबलावर विष्ठेचा विषय काढू नये. कुटुंबाने त्यावर साक्षीदार म्हणून तत्परतेने सही केली.