वयपरत्वे दुबई

परदेशी बाजारात माणूस किती पैसे सोडून येईल, हे त्याच्या पगारावरून सांगता येत नाही, असा या मार्गदर्शिकेचा सिद्धांत आहे. वय किती आणि घरी वाट पाहणारी माणसं किती, एवढं सांगा. बिलाचा अंदाज आम्ही देतो. प्रात्यक्षिकासाठी दुबई निवडली आहे, कारण मुंबईहून ती तीनेक तासांवर आहे, दुकानदाराला हिंदी येतं आणि सहलीच्या पत्रकात ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’ ठळक अक्षरांत छापलेला असतो. शिवाय 1996 पासून तिथे खरेदीचा रीतसर महोत्सव भरतो. महोत्सवात केलेल्या खर्चाचं पाप लागत नाही.

एक नियम सर्वांना लागू. दिरहॅमचा भाव काहीही असो, पंचवीसने गुणावं. गुणाकार सोपा जातो. पहिल्या दिवशी चहाच्या कपालाही गुणावं, तिसऱ्या दिवसापासून आपोआप सुटतं.

नवविवाहितांनी हिशोब करू नये. एकाने किंमत विचारलीच, तर दुसऱ्याने “असू दे रे” म्हणावं. दुबई मॉलमध्ये हजाराच्या वर दुकानं आहेत, पण यांचा वेळ कारंज्यासमोर फोटो काढण्यात जातो. खर्च एका अत्तराच्या बाटलीपलीकडे क्वचित जातो. हा खरं तर सर्वांत स्वस्त वयोगट. पैसे आधीच मंगल कार्यालयात संपलेले असतात. अविवाहितांबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. ते एक फोन घेतात आणि मित्रांनी मागितलेले तीन फोन नाकारतात.

खरी कसोटी शाळकरी मुलांच्या आईवडिलांची. मुलाच्या खिशात एक दिरहॅम नसतो, पण कोणत्या दुकानापुढे किती वेळ आणि किती आवाजात थांबायचं हे तोच ठरवतो. ड्रॅगन मार्ट या चिनी मालाच्या अवाढव्य बाजारात मुलांना नेऊ नये. नेल्यास जेवण आटोपून न्यावं. या वयाच्या वडिलांना आणखी एक आजार असतो, तो म्हणजे गुणाकाराचा. 2016 च्या बॅगेज नियमांनी हवाईमार्गे परतणाऱ्याला माणशी 50,000 रुपयांच्या वस्तू करमुक्त आणायची मुभा दिली होती. (आकडे बदलत असतात, निघण्यापूर्वी ताजा पाहून घ्यावा.) “आपण चौघं, म्हणजे दोन लाख,” असं म्हणून वडील दीड लाखाच्या कॅमेऱ्याकडे वळतात. वळू नये. एकाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही, असं नियमातच लिहिलं आहे. एक कॅमेरा चार जणांत वाटून दाखवता येत असेल तर गोष्ट वेगळी. तान्ह्या बाळाच्या नावावर तर काहीच खपत नाही. त्याला फक्त स्वतःच्या वापरलेल्या वस्तू आणता येतात, म्हणजे दुपटी आणि दुधाची बाटली. नवा लॅपटॉप करमुक्त आणण्याची सोय आहे, पण ती अठरा पूर्ण झालेल्यांना. सतराव्या वर्षी “माझ्या नावावर घ्या” म्हणणाऱ्या चिरंजीवांना पुढच्या वर्षी यायला सांगावं.

पन्नाशीला आलेल्या आणि घरात लग्न ठरलेल्या दांपत्याने देरा भागातल्या सोन्याच्या बाजारात जावं. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो आणि दुकानोदुकानी जवळपास तोच असतो, त्यामुळे भावावर घासाघीस केल्यास दुकानदार नुसता हसतो. घासाघीस घडणावळीवर करायची. नवऱ्याने दाराशी उभं राहून “पुण्यातही हेच मिळतं” असं एकदा म्हणावं. त्याने घडणावळ थोडी उतरते. वाक्य खरं निघण्याचा धोकाही आहे, कारण जुलै 2024 मध्ये भारताने सोन्यावरचं आयातशुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आणलं आणि दोन्हीकडच्या भावांतलं अंतर तेव्हा बरंच आटलं. दागिने करमुक्त आणण्याची सवलत आहे, तीही वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यांना. पाच रात्री सहा दिवसवाल्यांनी ती आपली समजू नये.

आता ज्येष्ठ नागरिक. हा वयोगट स्वतःसाठी काहीही घेत नाही आणि सर्वांत जास्त वजन आणतो. यांच्याजवळ डायरी असते. डायरीत नावं, नावांपुढे केशर, बदाम, खजूर. कोकणात ज्यांच्या शेजारी कुणी आखातात नोकरीला होतं, त्यांना अत्तर आणि बाम यांची जुनी सवय असते; त्यांच्या नावापुढे दोन खुणा. सुनेने “आई, मला काही नको हं” म्हटलं असल्यास तिचं नाव पहिलं लिहावं. मुलं अमेरिकेत असतील तर खर्च कमी होईल, हा भ्रम आहे. तिथे सगळंच मिळतं म्हणून नातवंडांसाठी घेता येत नाही. मग सोसायटीचा वॉचमन, पोळ्यावाल्या काकू आणि भिशीतल्या अकरा जणी यांची सोय लागते.

शेवटच्या रात्री हॉटेलच्या खोलीत हातवजनकाटा बॅगेला अडकवून काका उभे असतात, काट्यावर मर्यादेपेक्षा दोन किलो जास्त.

“अहो, बदाम कोटाच्या खिशात घाला.”

“अगं, कोट आणलाय कुठे? दुबईत कोट?”

“मग आता घ्यायला हवा होता.”

अशा वेळी खजुराचे खोके फोडून खजूर मोज्यांत भरावेत, असं काही अनुभवी मंडळी सुचवतात. आमचा त्यास पाठिंबा नाही. मोजे धुतलेले असतील तर विरोधही नाही.

ज्येष्ठांचं खरं नुकसान वेगळंच आहे. दुबईत 5 टक्के व्हॅट आहे आणि पर्यटकाला त्यातला बराचसा परत मिळतो, पण योजनेत असलेल्या दुकानात किमान 250 दिरहॅमची खरेदी असेल तरच, आणि घेणारा अठरा वर्षांचा तरी हवा. काकू सात दुकानांत चाळीस-चाळीस दिरहॅमच्या पुड्या घेतात आणि परतावा शून्य. तेव्हा डायरीतली सगळी नावं एकाच दुकानात उरकावीत, पैसे एकानेच द्यावेत, बिल पासपोर्टाजवळ ठेवावं. आणि विमानतळावर बॅगा आत सोडण्याआधी परताव्याच्या खिडकीवर जा. तिथला माणूस सामान दाखवा म्हणू शकतो, आणि तोवर बॅग पट्ट्यावरून गेली असेल तर पैसेही गेले.