राहेल उठत नाही

बायबलात हसू येण्याजोगे काही नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी उत्पत्तीचा एकतिसावा अध्याय सावकाश वाचावा. सासऱ्याची मेंढरे राखण्यात वीस वर्षे घालवल्यावर याकोब एके दिवशी न सांगता, बायकामुले आणि कळप घेऊन कनानच्या वाटेला लागतो. निघताना त्याची लाडकी राहेल बापाच्या घरातल्या गृहदेवता हळूच उचलते. लाबान सात दिवसांची वाट तुडवून त्यांना गाठतो आणि एकेक तंबू उलथापालथा करतो. राहेलीने देव उंटाच्या खोगिरात दडवलेले, आणि त्यावर ती स्वतः बसलेली. बायकांची अडचण आहे, उठता येत नाही, राग मानू नका, एवढेच ती बापाला सांगते. देव शोधणारा बाप, देवांवर बसलेली लेक आणि तोंडातून अवाक्षर न काढणारे देव! पवित्र शास्त्राने हा प्रसंग कसलेही भाष्य न करता सांगून टाकला आहे. सांगणाऱ्याच्या मिशीत हसू असावे असा मला दाट संशय आहे.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना आधुनिक मूर्तींवरचा उपदेश तोंडपाठ आहे. पैसा, मोबाइल, मुलांचे करिअर, समाजातले नाव, ही यादी पुलपिटावरून इतक्या वेळा वाचली गेली आहे की ती ऐकताना मंडळी शेजारच्याकडे पाहते. सोळाव्या शतकात कॅल्विनने माणसाच्या मनाला मूर्तींचा अखंड चालणारा कारखाना म्हटले. म्हटले ते खरेच, पण कारखान्यातला माल निदान समोर मांडलेला तरी असतो. मला वाटते, आमच्या मूर्ती दिसतच नाहीत, कारण आम्ही त्यांच्यावर बसलेलो असतो. आणि कोणी झडती घ्यायला आलेच, तर आमच्याकडेही न उठण्याची सभ्य कारणे असतात. मुलाचा व्हिसा व्हायचा आहे. मुलीचे लग्न ठरायचे आहे. घराचा हप्ता आहे. यांतले एकही कारण खोटे नसते, हीच तर पंचाईत.

लेंतकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी ही बैठक जरा हलते. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या हातात धरून होसान्ना म्हटले, त्याच वर्षभर घरातल्या क्रुसामागे वाळतात, पुढे चर्चमध्ये परत येतात, जाळल्या जातात आणि कपाळावर राख होऊन उतरतात. कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी वाचतात तो मत्तयाचा सहावा अध्याय : उपास कराल तर तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. हे ऐकून झाले की रांग लावायची आणि सगळ्या गावाला दिसेल असा काळा क्रूस कपाळी घेऊन बाहेर पडायचे. दोन हजार वर्षांच्या परंपरेला एवढा विनोद शोभतो. हल्ली त्यात भर म्हणून व्हॉट्सॲपवर स्टेटस झळकते, की आजपासून चाळीस दिवस मी व्हॉट्सॲपवर नाही. मग ते कोणी कोणी पाहिले हे बघायला माणूस घटकाभर थांबतो. शिवाय या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत. सोन्याच्या वासराचा जाब विचारल्यावर अहरोनानेही मोशेला सांगितलेच होते, की सोने विस्तवात टाकले आणि आपोआप हे वासरू बाहेर आले. रविवारी दुपारी फोन हातात कसा येतो याचे याहून चांगले स्पष्टीकरण मला अजून सापडलेले नाही.

सोडण्याचा विषय निघाला की आमच्याकडे रेव्हरंड टिळकांचे नाव येते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेताना घरदार, जात आणि गणगोत त्यांनी एका झटक्यात मागे टाकले. पुढे 1917 मध्ये मिशनची नोकरीही सोडून, बायकामुलांसकट, ते संन्यासी झाले. वादळ जसे सोडते तसे ते सोडत. मला मात्र त्यांच्यापेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे सोडणे अधिक मोठे वाटते. 'स्मृतिचित्रे' या लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रात त्यांचे वडील भेटतात, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणारे, सोवळ्याने झपाटलेले. असल्या घरातून आलेली ही बाई ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याजवळ पुन्हा राहायला गेली, ती आपले सोवळे बरोबर घेऊनच. मग एके दिवशी, कोणी प्रवचन न देता, विचार करता करताच त्यांना लख्ख दिसले की या जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये, नवऱ्यामागून पाच वर्षांनी. ती पाच वर्षे मला फार मोलाची वाटतात. सोवळे म्हणजे त्यांच्यासाठी नुसता नियम नव्हता. त्यात धुतलेल्या धान्याचा वास होता, वडिलांचा आवाज होता. ते माहेर होते.

आणि इथे राहेल मला वेगळी दिसू लागते. तिने देव का उचलले हे बायबल सांगत नाही. पंडितांनी वारसाहक्काचे तर्क लढवले आहेत, ते लढवोत. ज्या घरात आपण पुन्हा कधी येणार नाही, त्या घरातून निघताना बाईचा हात कशाकडे जातो हे सांगायला पंडित लागत नाही. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. लेंतकाळात त्या चहा सोडतात, गोड सोडतात, मालिकासुद्धा सोडतात. मोबाइल सोडत नाहीत. पाळकसाहेबांनी एकदा हसत विचारले, तेव्हा म्हणाल्या, ''भाऊ गेला ना माझा. त्याचा आवाज आहे हो यात, सलाम ताई म्हणतो.'' पाळकसाहेबांनी लाबानासारखीच पुढची झडती आवरती घेतली. शहाणा माणूस.

चार अध्यायांनंतर याकोब घरच्यांना परके देव टाकून द्यायला सांगतो. सगळे देव गोळा होतात, कानांतल्या बाळ्याही येतात, आणि शखेमजवळ एका ओकच्या झाडाखाली तो ते सारे पुरून टाकतो. फोडत नाही, जाळत नाही, पुरतो, म्हणजे जागा पाठ असणार. त्या ढिगात राहेलीचे देव होते का, हे लिहिलेले नाही, पण असावेत. त्यानंतर थोड्याच दिवसांत, बेथलेहेमच्या वाटेवर, बाळंतपणात ती गेली. ती केव्हा उठली, कोणी हात दिला का, की एका संध्याकाळी आपणहोऊनच खोगीर उघडून ते देव तिने नवऱ्याच्या ओंजळीत ठेवले, याचा कुठे उल्लेख नाही. तिला कोणी रागावल्याचाही नाही.