'नको'चं बटण

वसईकराला 'नको' म्हणता येत नाही, असा आरोप आजवर कोणी केलेला नाही. 1980च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, ते बिल्डरांना नको म्हणण्यासाठीच. 3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं एकत्र करून वसई-विरार शहर महापालिका झाली, तेव्हा गावांनी पुन्हा नको म्हटलं. मोर्चे निघाले. 2011मध्ये सरकारने 29 गावं वगळायचं ठरवलं, मग प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि पहिलीतलं पोर दहावी होईल इतकी वर्षं तिथे राहिलं. निकालाचं काय व्हायचं ते होवो, 'नको' म्हणायची सोय तरी होती.

आमच्या सोसायटीच्या संगणकावर ती नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन उगवतो आणि नवी आवृत्ती तयार असल्याची आनंदवार्ता देतो. खाली दोन बटणं असतात, 'आत्ता' आणि 'आज रात्री'. चौकोन बंद करायला फुली नाही. बाजूला टिचकी मारली तर तो समजूतदारपणे निघून जातो आणि तासाभराने परत येतो, वर्गणी मागणाऱ्या मंडळाच्या पोरांसारखा. फरक एवढाच, की पोरांना 'सेक्रेटरी बाहेर गेलेत' असं सांगता येतं. इथे सेक्रेटरी मीच आणि संगणकाला मी समोर बसलेला दिसतो.

प्रणाली कोणत्या कंपनीची हे लिहीत नाही. पार्किंगवरून सोसायटीवर एक केस आधीच चालू आहे.

संगणक जुना आहे हे मान्य. पण त्याने जुलै 2018 पाहिलेला आहे. त्या पावसात रूळ पाण्याखाली गेले, नालासोपाऱ्याजवळ वडोदरा एक्स्प्रेस अडकून पडली आणि प्रवाशांना काढायला एनडीआरएफचे जवान आले. आमच्या इमारतीची वीज गेली होती आणि सोसायटीच्या ऑफिसात घोट्याएवढं पाणी होतं. पाणी ओसरलं, वीज आली, बटण दाबलं, संगणक चालू झाला. काही विचारलं नाही, काही सुचवलं नाही, थेट मेंटेनन्सच्या बिलांची यादी उघडून दिली. ज्याला पुराने काही झालं नाही, त्याला सुधारणेने आडवा केला.

सुधारणा रात्रीत झाली. सकाळी पडद्यावर एक तळं, मागे बर्फाचे डोंगर आणि 'तुमच्यासाठी सर्व काही तयार करत आहोत' असं वाक्य. माझं सर्व काही आदल्या दिवशीच तयार होतं. आता कोपऱ्यात हवामान दिसतं. बाहेर धो धो कोसळत असताना तिथे 'अंशतः ढगाळ' असतं. शेअर बाजाराचा आकडा दिसतो. सोसायटीचा निधी जिल्हा सहकारी बँकेत मुदत ठेवीत आहे. बिलांचा फोल्डर मात्र दिसत नाही. तो शोधायची एक पट्टी दिलेली आहे. तिच्यात 'बिल' असं टाइप केलं की ती आपण होऊन इंटरनेटवर जाते आणि एका अमेरिकन गृहस्थांचे फोटो आणते.

आणि मग संगणक पडायला लागला. पडतो म्हणजे कसा, तर बिल टाइप होतं, प्रिंटची आज्ञा दिली की बाण हलतो पण कशालाच लागत नाही. थोड्या वेळाने डोंगर जातात, तळं जातं, पडदा काळा होतो, परत डोंगर येतात आणि एक चिठ्ठी मिळते, की प्रणाली अनपेक्षितपणे बंद पडली. रोज बिलं काढायच्या वेळेला पडते. आम्ही चहा सांगून तयारच असतो.

नालासोपाऱ्याहून एक मुलगा येतो. हुशार आहे, सॅक पाठीवरून न उतरवता निदान करतो.

"काका, ड्रायव्हरचा इश्यू आहे."

"मग काय करायचं?"

"फॉर्मॅट मारायला लागेल."

"आणि मारूनही नाही झालं तर?"

"मग रॅमचा इश्यू असेल."

ड्रायव्हर म्हणजे काय हे त्यानेच समजावलं, आणि ते मला पटलं, ही त्यातली वाईट गोष्ट. प्रिंटर आणि संगणक एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो. असे काही मध्यस्थ प्रणालीच्या अगदी आतल्या गाभ्यात काम करतात. बाहेरच्या खोलीतला प्रोग्रॅम चुकला तर तेवढाच बंद पडतो. गाभ्यातला चुकला तर पुढे जाऊन साठवलेलं सगळं नासवण्यापेक्षा प्रणाली स्वतःच सगळं थांबवते. थोडक्यात, मशीन पडतं ते आपल्या भल्यासाठी. प्रणाली नवी झाली, मध्यस्थ जुनाच राहिला, आणि आमच्या प्रिंटरचा मध्यस्थ तर फारच जुना. प्रिंटरवाल्या कंपनीने आता तो लिहायचा बंद केलाय. त्यांनी सांगितलं, प्रणालीवाल्यांना विचारा. प्रणालीवाल्यांनी सांगितलं, प्रिंटरवाल्यांना विचारा. ग्राहकाचं समाधान हेच आमचं ध्येय, यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

सभासदांनी आपापल्या परीने मदत केली. कोणी म्हणालं, पंखा त्याच्या दिशेने फिरवा. कोणी म्हणालं, एफ-5 दाबत राहा. खजिनदारांनी पेनड्राइव्हवर सगळा हिशेब घेऊन ठेवलेला आहे. पेनड्राइव्ह त्यांच्यासोबत गावाला आहे. घरी विचारणा झाली, "अहो, चालत होता ना? मग हात कशाला लावलात?" मी हात लावला नव्हता. हाच माझा मुद्दा आहे, पण तो घरात मांडायची पद्धत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "बंद करा, पाच मिनिटं थांबा, चालू करा." यावर जिन्यात बरंच हसू झालं.

हसणाऱ्यांनी शुक्रवार, 19 जुलै 2024 आठवावा. क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन कंपनीने संगणकांच्या रक्षणासाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली, आपल्याकडे तेव्हा सकाळचे 9 वाजून 39 मिनिटं झाली होती. 10 वाजून 57 मिनिटांनी त्यांनी ती मागे घेतली. मधल्या 78 मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, विंडोज असलेली 85 लाख यंत्रं पडदा निळा करून पडून बसली. हे प्रमाण एकूण विंडोज यंत्रांच्या 1 टक्क्याहून कमी आहे, असाही खुलासा झाला. आमच्याकडे गळती फक्त एकाच फ्लॅटमध्ये आहे, हा खुलासा मीही दरवर्षी करतो. विमानतळांवर कर्मचारी हाताने बोर्डिंग पास लिहीत होते. कारण काय निघालं, तर नव्या नमुन्यात 21 रकाने होते आणि आतला प्रोग्रॅम 20च पुरवत होता. एकविसावा शोधायला तो नको त्या जागी गेला. आमच्या सोसायटीत रकाना चुकला तर वार्षिक सभेत दोन तास खडाजंगी होते आणि चहा-बिस्किटांवर मिटतं. त्यांनीही तसंच केलं. मदतीला धावलेल्या भागीदारांना उबरवर चालणारी 10 डॉलरची खाण्याची कूपनं वाटली. ती इतक्या जणांनी एकदम वापरली की उबरला संशय आला आणि काही कूपनं बाद झाली.

आणि उपाय? मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या यंत्रांसाठी अधिकृतपणे सांगितलं, की रिस्टार्ट करा, परत करा, काहींना 15 वेळा करावं लागल्याचं कळतंय. तिसऱ्या मजल्यावरचे काका एकदाच करा म्हणाले होते. मी त्यांना हे वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या साहेबांना पगार किती असेल हो?"

या धंद्याला लाज नाही असंही म्हणवत नाही. 20 एप्रिल 1998 रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स मंचावर असताना विंडोज 98चं प्रात्यक्षिक चाललं होतं. सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि भरसभेत मोठ्या पडद्यावर निळं झालं. म्हणूनच आम्ही हे अजून बाजारात आणलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेट्सनी वेळ मारून नेली. प्रेक्षक हसले. दोनेक महिन्यांनी ते बाजारात आलं. त्यानंतर सुधारणा होतच गेल्या. 2012मध्ये निळ्या पडद्यावर रडका चेहरा आला. 2016मध्ये क्यूआर कोड आला, म्हणजे पडलेल्या संगणकाचं दुखणं चालू असलेल्या मोबाइलवर वाचता यावं. 2025मध्ये निळा रंग काढून काळा दिला. महापालिकेने खड्डे तसेच ठेवून त्यांच्या कडेचे पट्टे बदलले असते तर वसईत काय झालं असतं, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

मोर्चा. दुसरं काय. तहसीलदार कचेरीवर कुठून जायचं, विरारच्या मुख्यालयासमोर कुठे बसायचं, निवेदन कोणत्या टेबलावर देऊन पोच घ्यायची, हे इथे शाळकरी मुलाला ठाऊक असतं. सभेत एका तरुण सभासदाने तसा प्रस्ताव मांडलाही. पण कुठे जायचं? कंपनीचा पत्ता शोधला तर एक पान उघडतं. 'आम्ही कशी मदत करू?' त्यात लिहिलं की आठ लेख सुचवले जातात. पहिला लेख रिस्टार्ट करण्याबद्दल. खाली प्रश्न, हा लेख उपयोगी वाटला का? 'नाही'वर टिचकी मारली की 'आभार' येतं. पोच नाही, आवक क्रमांक नाही, शिक्का नाही. आमच्या वॉर्ड ऑफिसात निदान शिक्का मिळतो.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, ती झाली. सूचनापत्रं शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून आणली. त्याचा संगणक माझ्यापेक्षा जुना आणि इंटरनेट तोडून ठेवलेला. त्याला कारण विचारलं तर म्हणाला, "धंदा करायचाय ना साहेब." नालासोपाऱ्याच्या मुलाने शेवटी फॉर्मॅट मारला, रॅम टाकली, एसएसडी टाकली. प्रिंटर मात्र नवाच घ्यावा लागला.

हा सगळा खर्च लेखापरीक्षकांच्या नजरेतून सुटला नाही. अहवालात शेरा आला: 'प्रणालीची नवी आवृत्ती विनामूल्य मिळाल्याचे सचिव नमूद करतात, तरी त्याच महिन्यात संगणक दुरुस्ती व प्रिंटर खरेदी या शीर्षांखाली खर्च दिसतो. खुलासा करावा.' खुलासा दोषदुरुस्ती अहवालात द्यायचा असतो, 'ओ' नमुन्यात, तीन महिन्यांच्या आत. नमुना संगणकात आहे. काल उघडला, दोन रकाने भरले, आणि उजव्या कोपऱ्यात चौकोन आला.